शरदांतला पेला

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांच्या भुवया वर चढल्या असतील, आणि कांहींच्या मुखावर मंद हास्य उमटलें असेल. दोघांनाही माझी विनंति आहे. पहिल्यांनीं उठून जाऊं नये, कारण मी कोणास मद्यपानाचा उपदेश करणार नाहीं. आणि दुसऱ्यांनीं फार उतावीळ होऊं नये, कारण माझ्या बोलण्यांतला पुष्कळसा भाग वेलदोडा, बडीशेप, मोसंबी आणि पाणी यांच्याविषयीं आहे. शरद ऋतूंत घरीं आलेल्या पाहुण्यांपुढें ठेवावयाचें मिश्रपेय, ज्यास हल्लीं सर्वत्र ‘कॉकटेल’ म्हणतात, तें आपल्या हवेला आणि आपल्या घराला शोभेल असें कसें करावें, एवढाच आजचा विषय आहे.

मी राहतों भिवंडीच्या कामतघरांत. आश्विन लागला म्हणजे येथें वऱ्हाळादेवीच्या तलावाचें पाणी संथ होतें, आकाश धुतल्यासारखें निळें दिसतें, आणि दुपारचें ऊन मात्र असें भाजून काढतें, कीं यंत्रमागाच्या पत्र्याखालीं काम करणाऱ्यांस वैशाख परत आल्यासारखें वाटावें. अशाच एका आश्विनांत माझ्या पुतण्यानें मित्रमंडळींस बोलावलें होतें. त्यानें कोठल्याशा इंग्रजी मासिकांतून शरदाच्या पेयाची कृति उतरून घेतली होती : सफरचंदाचा रस, दालचिनी, भरपूर लवंगा, काळी रम, आणि सर्व कांहीं कढत. पोरानें मेहनत पुष्कळ घेतली. स्वयंपाकघरांत सुगंध दरवळला. परंतु पंख्याखालीं घाम पुसत बसलेल्या पाहुण्यांनीं दोन घोट घेतले आणि पेले हळूच खालीं ठेवले. “काका, कृति तर तंतोतंत केली होती,” असें तो मला मागाहून म्हणाला. मीं त्यास सांगितलें, “बाबा, दोष कृतीचा नव्हे, पंचांगाचा आहे.”

तो पंचांगाचा दोष प्रथम समजून घेऊं. युरोप-अमेरिकेंतला शरद म्हणजे पानगळीचा, थंडीच्या चाहुलीचा काळ. तिकडे सफरचंदें तयार होतात, संध्याकाळीं शेकोटी बरी वाटूं लागते, आणि म्हणून दालचिनी-लवंगांची ऊब तेथें हवीशी असते. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसानें चार महिने थंड झालेल्या शरीरावर एकाएकीं कडक ऊन पडतें. वर्षा ऋतूंत साठलेलें पित्त शरदांत खवळतें, असें आयुर्वेद सांगतो. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येंत या दिवसांसाठीं कडू, गोड व तुरट रसांचा आहार सांगितला आहे, आंवळा व मध यांचें नांव घेतलें आहे, आणि टाळावयाच्या वस्तूंमध्यें दहीं, तेल, दिवसाची झोंप यांच्या पंक्तीला ‘तीक्ष्ण मद्य’ही बसविलें आहे.

ही गोष्ट मी लपवून ठेवणार नाहीं. मद्य शरीरास हितकर आहे असा दावा आजचें वैद्यकशास्त्रही करीत नाहीं. कोणतेंही प्रमाण पूर्णपणें निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ साली स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां न पिणाऱ्यानें या भाषणावरून पिण्यास आरंभ करूं नये. ज्या घरांत मद्य वर्ज्य नाहीं, तेथें तें थोडें, पातळ आणि थंड असावें. आणि ज्याला तें नको आहे त्याचा पेलाही तितकाच चवदार असावा. माझ्या मतें शरदांतल्या पेयाचें सारें मर्म या दोन गोष्टींत आहे.

पातळ पेयाची ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. इंग्रजींत ज्यास ‘पंच’ म्हणतात तें मोठ्या भांड्यांत कालविलेलें पेय ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनीं हिंदुस्थानांतून विलायतेस नेलें. १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रांत तो शब्द आढळतो. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पांच वस्तूंवरून आपल्या ‘पांच’ या शब्दापासूनच तें नांव पडलें, अशी त्याची व्युत्पत्ति बहुधा सांगण्यांत येते. ‘कॉकटेल’ हा धाकटा भाऊ. १८०६ साली न्यूयॉर्क संस्थानांतील हडसन गांवच्या एका वृत्तपत्रानें त्याची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. म्हणजे दोहोंतही मद्य हें अनेकांतलें एक आहे. आणि उरलेल्या वस्तू तर आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहेत.

आतां मद्याकडे वळूं. लहान भट्ट्यांत, थोड्या प्रमाणांत, एका विशिष्ट फळाची किंवा फुलाची चव राखून गाळलेलीं मद्यें अलीकडे आपल्याकडे मिळूं लागलीं आहेत. त्यांपैकीं तीन येथें विचारांत घेतों.

पहिलें गोव्याची फेणी. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून सोळाव्या शतकांत आणलें. त्याचीं बोंडें तुडवून रस काढावयाचा, तो आंबवावयाचा, आणि भट्टींत गाळावयाचा. पहिल्या धारेचें सौम्य मद्य म्हणजे हुर्राक. तें उन्हाळ्याच्या हंगामांतच मिळतें. दुसऱ्यांदा गाळलें कीं फेणी होते, ती वर्षभर टिकते. म्हणून शरदासाठीं फेणीच. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. तिचा वास उग्र असतो. ज्यांस तो प्रथम नकोसा वाटतो, त्यांस मोसंबी व बडीशेप यांच्या संगतींत तो आवडूं लागतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरें जिन. हिची ओळख जुनिपर नांवाच्या फळानें होते. आयुर्वेदांत जिला ‘हपुषा’ म्हणतात ती याच जातीची. गोव्यांत तयार होणाऱ्या एका जिनला हेंच नांव दिलें असून तिच्यांत हिमालयांतील जुनिपर वापरतात. जिनमध्यें धने, लिंबाची साल इत्यादि द्रव्यें गाळतांनाच पडलेलीं असतात. म्हणून तिच्यांत घरीं आणखी मसाला घालतांना हात आंखडता असावा. आमटींत गोडा मसाला घातल्यावर पुन्हां गरम मसाला घालूं नये, तसेंच हें.

तिसरें मोहाचें. येथें मला थोडें अधिक थांबलें पाहिजे, कारण ही कथा आमच्या ठाणें जिल्ह्याची आहे.

फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं रसाळ फुलें पहांटे झाडाखालीं गळून पडतात. वारली, ठाकूर, कातकरी स्त्रिया व मुलें तीं वेंचतात, उन्हांत वाळवितात आणि सांठवून ठेवतात. वाळल्यावर तीं मनुक्यांसारखीं दिसतात आणि त्यांत साखर इतकी असते, कीं टंचाईच्या दिवसांत तीं अन्न म्हणूनही खाल्लीं जात. त्याच फुलांची दारू लग्नांत, देवकार्यांत आणि मर्तिकांत लागे. परंतु मद्यावरील कर हें सरकारच्या उत्पन्नाचें मोठें साधन होतें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गाळण्याचा व विकण्याचा व्यवहार ठेकेदारांच्या हातीं एकवटला. उरणास मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या चालत, आणि त्यांस लागणारीं फुलें पंचमहालाकडून व जबलपुराकडून रेल्वेनें येत. स्वतःच्या अंगणांतलें फूल मात्र आदिवासीस परकें झालें. १८९२ साली खास मोहाच्या फुलांविषयीं कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घालण्यांत आले. फुलाचीच चोरी ठरावी, असा हा प्रकार होता.

स्वातंत्र्यानंतरही मोहावरचे निर्बंध दीर्घकाळ राहिले. महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करण्यावरील व सांठविण्यावरील बंधनें २०२१ साली उठविलीं. तत्पूर्वी २०१८ साली गोव्यांत डेस्मंड नाझरेथ यांनीं मोहाचें मद्य रीतसर बाटलींत भरून विक्रीस आणलें होतें. आणि २०२४ साली डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजनें ‘सिक्स ब्रदर्स’ या नांवानें मोहाचें मद्य बाजारांत आणलें. डहाणू आतां पालघर जिल्ह्यांत मोडतें. परंतु २०१४ पर्यंत तें आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होतें. ज्या भूमींत फूल वेंचणें गुन्हा होता, तेथूनच तें सुरेख बाटलींत बसून शहरच्या दिवाणखान्यांत आलें, ही आनंदाची गोष्ट खरी. पण पेला भरतांना एवढें मनांत असूं द्यावें, कीं त्या बाटलीची किंमत मोजणारे आपण आणि पहांटे फुलें वेंचणारी बाई यांच्यामध्यें सव्वाशें वर्षांचा एक अन्याय उभा आहे. असें मद्य घटाघटा प्यावयाचें नसतें.

मोहाची ही कथा ऐकून एखाद्या उत्साही श्रोत्याच्या मनांत येईल, कीं फुलें मिळतात, प्रेशर कुकर घरांत आहे, मग आपणच का गाळूं नये? याचें उत्तर निक्षून ‘नाहीं’ असें आहे. परवान्यावांचून दारू गाळणें हा गुन्हा आहे. शिवाय तापलेल्या मद्याची वाफ चटकन पेट घेते, आणि धारेंतला कोणता भाग टाकावा व कोणता ठेवावा हें वर्षानुवर्षांच्या सरावानें कळतें. चोरटी दारू विकत घेणें तर त्याहून घातक. तींत नफेखोर लोक कारखान्यांतला मेथिल अल्कोहोल मिसळतात. तो रंगानें, वासानें वेगळा ओळखूं येत नाहीं. शरीरांत त्याचें विष होतें, प्रथम दृष्टि जाते आणि मग प्राण. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी भागांत अशा दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां मद्य मोहोरबंद बाटलींतलें, परवानाधारक दुकानांतून, पावती घेऊनच आणावें. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत पिणाऱ्यापाशीं परवाना असावा लागतो, आणि कडक मद्यासाठीं वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात, हेंही यजमानानें विसरूं नये. गाळण्याचें काम कारागिराचें. मिसळण्याचें काम घराचें.

मिसळण्यांत खरें कौशल्य मसाल्याचें. मसाल्याचा वास त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. लवंगेंत युजेनॉल, दालचिनींत सिनॅमाल्डिहाइड, वेलदोड्यांत सिनिओल हीं त्यांतलीं मुख्य द्रव्यें होत. हीं तेलें पाण्यांत फारशीं विरघळत नाहींत, मद्यांत मात्र झपाट्यानें उतरतात. हें शास्त्र मीं फजितींतून शिकलों. एकदां फेणीच्या अर्ध्या बाटलींत दहा-बारा लवंगा टाकून मी ती आठ दिवस विसरून गेलों. उघडून पाहतों तों दांतदुखीच्या औषधाचा वास! एक थेंब जिभेवर ठेवला आणि जीभ बधिर झाली. सारी बाटली मोरींत ओतावी लागली. त्या दिवसापासून मीं मद्यांत मसाला भिजविणें सोडलें आणि साखरेच्या पाकांत उतरविणें पत्करलें. पाकांत चव मंद उतरते, हातीं राहते, आणि मुख्य म्हणजे तो पाक न पिणाऱ्यांच्या पेल्यांतही घालतां येतो.

आपल्या शरदासाठीं या पाकांत लवंग-दालचिनीचा भर नको. पोटाला थंड मानलेले मसाले हवेत. पाव किलो साखर व पाव लिटर पाणी एकत्र तापवावें. साखर विरघळली कीं त्यांत आठ ठेंचलेले वेलदोडे, चहाचा एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा धने, सहा मिरीं आणि एकच लवंग टाकावी. मंद विस्तवावर पांच मिनिटें उकळून भांडें झांकून ठेवावें. अर्ध्या तासानें स्वच्छ फडक्यानें गाळून बाटलींत भरावें. फ्रीजमध्यें हा पाक दोन आठवडे सहज राहतो. चुलीवर कडक होईपर्यंत आटवूं नये. तार आली कीं तो थंड पेयांत मिसळत नाहीं.

आतां तीन पेले सांगतों. प्रत्येकांत मद्य तीस मिलिलिटरच, म्हणजे लहान पेग, आणि तें मापानेंच घ्यावें. अंदाजानें ओतणारा हात रात्र चढेल तसा सैल होत जातो. आपल्याकडील कडक मद्याची शक्ति बहुधा शेंकडा ४२.८ असते. त्या हिशेबानें तीस मिलिलिटरांत शुद्ध अल्कोहोल सुमारें दहा ग्रॅम पडतो.

पहिला पेला फेणीचा. उंच पेल्यांत बर्फ घ्यावें. त्यावर तीस मिलिलिटर फेणी, साठ मिलिलिटर मोसंबीचा ताजा रस, पंधरा मिलिलिटर पाक, आणि दहा मिलिलिटर लिंबाचा रस घालावा. हें सर्व ढवळून वर नव्वद मिलिलिटर सोडा ओतावा. या दिवसांत मराठवाड्याची मोसंबी बाजारांत असते. तिची किंचित कडसर चव फेणीच्या उग्रपणास सांवरून धरते. मोसंबी आयत्या वेळीं पिळावी, नाहींतर रस कडू होतो.

दुसरा पेला मोहाचा. गवती चहा पावसानंतर जोमानें वाढलेला असतो. त्याच्या चार पातीं दीड पेला पाण्यांत आल्याच्या एका चकतीबरोबर उकळून तें पाणी थंड करावें. त्यांतलें एकशें वीस मिलिलिटर पाणी, तीस मिलिलिटर मोहाचें मद्य, दहा मिलिलिटर लिंबाचा रस आणि समभाग पाण्यांत विरघळविलेला मध पंधरा मिलिलिटर, असें बर्फावर एकत्र करावें. मध उकळत्या पाण्यांत घालूं नये. त्याचा सुगंध जातो. वरून जायफळ किसणीवर एकदांच फिरवावें. जायफळ एकदांच म्हणतों तें चवीपुरतें नव्हे. तें अधिक झालें तर अपाय करतें. मोहाला स्वतःचा फुलांचा, किंचित मातकट वास असतो. त्यास झांकून टाकणारा पाक येथें नको.

तिसरा जिनचा. एकशें वीस मिलिलिटर शहाळ्याचें पाणी, तीस मिलिलिटर जिन, दहा मिलिलिटर लिंबू, आणि पाक नाममात्र. यांत दोन तिरफळांचीं टरफलें चुरडून घालावीं. आंतलें काळें बीं टाकून द्यावें. तिरफळ कोंकणांत पावसाळ्याच्या अखेरीस झाडावरून उतरतें. बांगड्याच्या आमटींत पडणारें हें फळ शहाळ्याच्या गोडीबरोबर जिभेवर जी बारीक झिणझिणी आणतें, ती एकदां अनुभवावी.

या दिवसांत बर्फाचें महत्त्व विशेष आहे. थोडें बर्फ लवकर वितळून पेय पांचट करतें. पेला भरून घातलेलें बर्फ सावकाश वितळतें. म्हणून बर्फाची काटकसर करूं नये.

आतां शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या घरांत पाहुणे येतात तेव्हां चार जण घेणारे, चार न घेणारे असतात. आजी असते, मुलें असतात, उपास असलेली वहिनी असते, गाडी चालवून परत जावयाचा मित्र असतो. अशा वेळीं एका कोपऱ्यांत बाटल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यांत रंगीत पाण्याच्या बाटल्या, अशी घराची फाळणी होते. ती टाळण्याचा उपाय त्या जुन्या पांच वस्तूंच्या भांड्यांतच आहे. फक्त त्यांतली एक वस्तु बाहेर ठेवावयाची. आठ माणसांसाठीं मोठ्या पातेल्यांत मोसंबीचा रस ४८० मिलिलिटर, पाक १२०, लिंबाचा रस ८० आणि थंडगार पाणी ७२० मिलिलिटर कालवावें. वर पुदिन्याचीं पानें आणि मोसंबीच्या चकत्या टाकाव्या. पातेल्यांत मद्याचा थेंबही नको. ज्याला हवें त्यानें आपल्या पेल्यांत तीस मिलिलिटर फेणी मापून घ्यावी आणि वर पातेल्यांतलें पेय ओतावें. ज्याला नको त्यानें नुसतें पेय घ्यावें. सर्वांच्या हातांत एकाच भांड्यांतला पेला असतो. “तुम्हीं का घेत नाहीं?” हा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाहीं, आणि चुकून मुलांच्या हातीं भलतें कांहीं जात नाहीं.

कोजागिरीचें काय, असें कोणी विचारील. कोजागिरीच्या दुधांत मद्य मिसळण्याच्या कृति मीं ऐकल्या आहेत. माझें मत त्यांस प्रतिकूल आहे. केशर, वेलदोडा, जायफळ घालून आटविलेलें तें दूध हें आपलें सर्वांत जुनें शरदाचें पेय आहे आणि तें स्वयंपूर्ण आहे. त्या रात्रीं दूध दुधाच्या जागीं असूं द्यावें.

पुतण्यानें पुढल्या आश्विनांत पुन्हां मित्रमंडळींस बोलावलें. या खेपेस त्यानें मासिक उघडलें नाहीं. आजीपाशीं जाऊन बडीशेप किती घालावी तें विचारलें, आणि पातेलें माझ्या हातून ढवळून घेतलें. रात्रीं पाहुणे गेल्यावर आम्हीं पेले गोळा केले, तेव्हां एकही अर्धा राहिलेला नव्हता. त्यांत फेणीचे किती आणि नुसत्या मोसंबीचे किती, तें मात्र आम्हांस ओळखतां आलें नाहीं.